देवासच्या ताटाची डावी बाजू

१९१२ साल सरत आलं होतं. ऐन नाताळच्या दिवसांत ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार देवासला, तिथल्या दोन संस्थानांपैकी थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांच्याकडे पाहुणा म्हणून उतरला होता. घर हजारो मैल दूर, सण घरच्यांसोबत घालवायचा, आणि हा माळव्यातल्या एका छोट्या मराठी संस्थानात. राजवाड्यात मेजवानी झाली तेव्हा त्याच्यासाठी टेबल, काटे, सुऱ्या असं काही मांडलं नव्हतं. उलट त्यालाच आपल्याकडचा पोशाख चढवला गेला. पांढऱ्या मलमलीची सुरवार, एका तरुण सरदाराचा सदरा, वर रंगीत जाकीट, त्यावर जरीचा गडद तांबडा रेशमी अंगरखा आणि डोक्यावर एका कानाकडे कललेली लाल-सोनेरी मराठी पगडी. ही पगडी फेट्यासारखी रोज गुंडाळायची नसते, आधीच बांधून तयार असते, हा फरकही त्याच्या नजरेतून सुटला नाही.

पंगत जमिनीवर होती. दालनाच्या कडेनं पाहुणे मांडी घालून बसलेले, मधल्या मोकळ्या जागेत वाढप्यांची धावपळ. प्रत्येकाला बसायला बिनपायांचं आसन, समोर चौरंगासारख्या मांडणीवर धातूचं ताट आणि प्रत्येकाच्या जागेभोवती पांढरी नक्षी. ही रांगोळी ठशानं काढलेली होती हेसुद्धा त्यानं टिपलंय. ब्राह्मण मंडळींना मांस नव्हतं आणि त्यांना वाढणारे उघड्या अंगाचे वेगळे होते. आपण ज्याला सोवळ्यातले वाढपी म्हणतो ते. बाकीच्यांच्या पानात सामिषही होतं.

मग त्यानं ताटातल्या पदार्थांची क्रमवार यादीच केली. हे सगळं त्यानं घरी पत्रातून कळवलं आणि पुढं १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापलं. देवासची टेकडी, तुळजाभवानी आणि चामुंडेची, त्या नावात आहे. यादी मराठी वाचकानं वाचली तर बरेच पदार्थ ओळखीचे निघतात. साखरेचे तपकिरी चेंडू म्हणजे लाडू नाही तर गुलाबजाम. सोनेरी वेटोळी म्हणजे जिलबी. मनुका घातलेला गोड भात हा साखरभात, आणि तो त्याला फार आवडला. साध्या भातानं तर त्याला शेवटपर्यंत आधार दिला. डाळ आणि मसाला घातलेला दुसरा भात, छोटे तिखट वडे, कुरडईची किंवा शेवयांची आठवण देणारं काहीतरी, पापड. आणि तीन छोटे पदार्थ, जे तोंडात टाकताना काहीच चव देत नाहीत आणि मग एकदम जिभेचा जाळ करतात. ताटाच्या त्या बाजूवर त्याचा रागच बसला. ती कोणती बाजू, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

घरापासून दूर असलेल्या मित्रांना आपल्या सणाचं जेवण घालायचं म्हटलं की यजमान दोन गोष्टींच्या मागे लागतो. सगळं पारंपरिक झालं पाहिजे, आणि पाहुण्यांना ते झेपलंही पाहिजे. दुसऱ्या काळजीपोटी तो मिरची कमी करतो, चटणी वगळतो, जेवण मिळमिळीत करून टाकतो. मला विचाराल तर ही काळजी चुकीच्या ठिकाणी खर्च होते. फॉर्स्टरला त्या तीन पदार्थांनी छळलं ते तिखट होते म्हणून नव्हे. ते किती खायचे, कशाबरोबर खायचे हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणून. ताट वाचता येणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि पाहुण्याला ते शिकवणं हे यजमानाचं काम.

मराठी ताटाची मांडणी अशी. वरच्या कडेला मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर, रायतं. उजवीकडे भाज्या, उसळ, वाटीत आमटी किंवा कढी. खाली मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. पोळी-पुरी, तळण आणि गोड आपापल्या जागी. केळीचं पान असेल तर टोक डावीकडे. यामागचं गणित सरळ आहे. जेवायचं उजव्या हातानं, म्हणून जे वारंवार आणि भरपूर घ्यायचं ते हाताशी. जे अधूनमधून बोटाच्या टोकावर घ्यायचं ते लांब, डावीकडे. ‘डावी बाजू’ म्हणजे तोंडी लावायची बाजू. चटणीच्या जागेवरूनच तिचं प्रमाण कळतं. ज्याला हे माहीत नाही तो चटणी भाजीसारखी घासभर उचलतो आणि पुढचा अर्धा तास पाणी पितो.

पाण्यानं काही होत नाही, ही आणखी एक अडचण. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. जिभेवरच्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक ग्राहक प्रथिन असतं. खरं म्हणजे ते भाजणारी उष्णता ओळखण्यासाठी आहे, पण कॅप्सेसिन त्यालाच जाऊन चिकटतं आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हे प्रथिन १९९७ साली शोधलं आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामाचा होता. कॅप्सेसिनला त्या प्रथिनापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, विशेषतः ठेचा तेलात परतलेला असला तर. आधी काहीच नाही आणि मग एकदम जाळ, हे फॉर्स्टरचं निरीक्षण म्हणजे शरीरशास्त्राच्या दृष्टीनं चोख आहे. उतारा पानातच असतो: तूप, दही, मठ्ठा. दुधातलं केसिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवतं. मराठी पंगतीत मठ्ठ्याची वाटी आणि वरणभातावर तुपाची धार असते ती काही नुसत्या थाटासाठी नाही. परगावच्या मित्राला जेवायला बसवताना सांगायची पहिली गोष्ट हीच: भाजलं तर पाण्याला हात लावू नको, मठ्ठा घे.

गंमत अशी की हा जाळ माळव्याचा मुळातला नाही. देवासपासून फार दूर नसलेल्या मांडूत, म्हणजे आजच्या धार जिल्ह्यात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस एक पाकग्रंथ तयार झाला: ‘निमतनामा’. सुलतान घियासुद्दीन खल्जी (कारकीर्द १४६९ ते १५००) हा खाण्याचा भारी शौकीन. त्याच्या स्वयंपाकघरातल्या कृती त्यात आहेत आणि ग्रंथ त्याच्या मुलाच्या, नासिरुद्दीनच्या काळात पुरा झाला. सचित्र हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोसे आहेत, भाताचे प्रकार आहेत, विडे आहेत, शिकारीला जाताना काय न्यावं याची तयारीसुद्धा आहे. आलं, मिरी, हिंग, वेलदोडे सढळ हातानं. पण मिरची नाही. असणारच कशी? मिरची मूळची अमेरिकेतली, ती पोर्तुगीज जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली, आणि वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ साली. बटाटा आणि टोमॅटोची गोष्टही तीच. म्हणजे ज्याला आपण हक्कानं ‘पारंपरिक’ म्हणतो त्या ताटाचा अर्धा भाग कधी ना कधी परदेशी पाहुणाच होता. हे मनात असलं की परंपरा पाळताना होणारा सोवळेपणाचा अतिरेक जरा सैल पडतो.

देवासचा यजमानही तसा बाहेरचाच होता. पवार मूळचे दख्खनचे. बाजीराव पेशव्यांच्या काळात, १७३० च्या आगेमागे, त्यांनी माळव्यात पाय रोवले. धारला आनंदरावांची शाखा, देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांची. त्या दोघांमुळे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं नांदली. दोन दरबार, दोन राजवाडे, दोन कारभार. धारच्या किल्ल्यानं तर पाहुणचाराची एक जोखमीची बाजूही पाहिली. रघुनाथराव पेशवे परागंदा झाले तेव्हा गरोदर आनंदीबाई इथं आश्रयाला होत्या, आणि १७७५ च्या जानेवारीत दुसरा बाजीराव याच किल्ल्यात जन्मला.

घराण्याबरोबर कारकून, शिलेदार, पुजारी, गवई आणि आचारी आले, आणि दोनशे-तीनशे वर्षं मुळापासून दूर राहिलेल्यांच्या सवयी घट्ट होतात. पुण्यात एखादी रीत केव्हाच सुटलेली असते, ती देवासात मात्र टिकते. तुकोजीरावांच्या वाड्यात दख्खनशी नातं ताजंही होत होतं. १९०८ साली त्यांचं लग्न झालं ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी, अक्कासाहेबांशी. तिखट हा त्या घराला परका विषय नव्हता. पुढं त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव कोल्हापूरच्या गादीवरच गेले.

फॉर्स्टर १९२१ साली पुन्हा आला, या वेळी महाराजांचा खाजगी सचिव म्हणून, आणि त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्यानं जुन्या राजवाड्यात काढली. आठवडाभराहून जास्त चाललेला उत्सव, वाड्यात चामड्याचे जोडे बंद, अनवाणी पायांचे हाल, भजनं, गुलाल, गर्दी. जेवणाच्या मेजवानीपेक्षा हे प्रकरण त्याला जड गेलं. त्याची पत्रं वाचताना कधी तो वैतागतो, कधी हरखतो, आणि महाराजांची भक्ती मात्र त्याला खरी वाटते. १९२४ साली ‘अ पॅसेज टु इंडिया’ आली तेव्हा तिच्या तिसऱ्या भागातला कृष्णजन्माचा उत्सव देवासवरूनच उतरलेला होता. त्या इंग्रजी कादंबरीत तुकारामांचं नाव घुमतं ते या वाड्यातल्या भजनांमुळं.

आता आजच्या धार-देवासकडे येऊ, कारण दूर घर असलेली माणसं इथं आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. देवासची बँक नोट प्रेस १९७० च्या दशकात सुरू झाली. किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना इथं आहे. धार जिल्ह्यात पिथमपूरला वाहन उद्योगाची रांगच लागली आहे, त्यात पुण्याच्या फोर्स मोटर्सचाही कारखाना. चेन्नईचा अभियंता, आसनसोलचा फिटर, गयेचा सुपरवायझर आणि सातारचा क्वालिटीवाला एकाच बसनं कामावर जातात. दिवाळीला सगळ्यांनाच रजा मिळत नाही, मिळाली तरी रेल्वेचं आरक्षण मिळत नाही. अशा वेळी मराठी घरात बोलावणं गेलं तर कशाला बोलवावं?

रात्रीच्या जेवणाला नको. नरक चतुर्दशीच्या पहाटेच्या फराळाला बोलवा. ही माझी ठाम शिफारस, आणि त्याला कारण आहे. मराठी दिवाळीचं शिखर पहाटेचं आहे: अभ्यंगस्नान, कारीट फोडणं, मग सगळ्यांनी मिळून फराळ. माळव्यातल्या शेजाऱ्यांची आणि बहुतेक उत्तरेची दिवाळी मात्र अमावास्येच्या संध्याकाळी, लक्ष्मीपूजनाला. बंगाल्याची कालीपूजाही रात्रीची. म्हणजे पहाटे आपल्याकडे येणाऱ्याची त्याच्या स्वतःच्या सणातली एकही घटका खर्च होत नाही. संध्याकाळी तो आपल्या माणसांकडे मोकळा. तमिळ मित्राची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याचीही दीपावली पहाटेच्या तेल लावून केलेल्या स्नानाचीच असते, त्याला काही समजावून सांगावंच लागत नाही. आणि माळव्यात याच दिवशी रूप चौदस म्हणून उटणं लावतात, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शर्माभाभींनाही बोलावणं अनपेक्षित वाटणार नाही.

फराळाचं दुसरं बळ असं की त्यात जवळजवळ प्रत्येकाला आपलं काहीतरी सापडतं. करंजी पाहिली की उत्तरेकडचा माणूस गुजिया म्हणतो. चकली पाहून तमिळ माणसाला मुरुक्कू आठवतो. शंकरपाळे म्हणजे शक्करपारे. अनारसा बिहारमध्येही आहे, गयेचा तर नावाजलेला, फक्त तिथं तीळ लावतात आणि आपण खसखस. चिवड्यात माळव्याची जाड शेव पडली तर पुण्याचा पाहुणा नाक मुरडेल, मुरडू द्या. इथं पोह्यांवरसुद्धा शेव पडते आणि जिरावण मसाला भुरभुरतात, तिथं चिवड्यानं काय पाप केलंय?

अनारशांचं मात्र आधी ठरवावं लागतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, दमट असतानाच कुटून गुळात मळायचे आणि गोळा मुरू द्यायचा. भिजण्यात तांदूळ किंचित आंबतो, मुरण्यात गूळ पिठात शिरतो, आणि तळताना जी जाळी पडते ती या दोन्हीमुळे. खसखस लावलेली बाजू वर ठेवून मंद आचेवर एकाच बाजूनं तळायचं. अनारसा तुपात विरघळायला लागला तर गूळ जास्त झालाय, गोळ्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन बर्नरच्या शेगडीवर हे जमतं, घाई तेवढी चालत नाही.

फराळ जमण्यासारखा नसेल, बाकीचे सण आहेतच. पाडव्याचं श्रीखंड हा आठ-दहा मित्रांसाठी सर्वांत सोपा बेत. एक लिटर दह्याचा साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम चक्का निघतो. दीड लिटर दही आणि चक्क्याच्या पाऊण वजनाची साखर घेतली की आठ जणांचं होतं. चैत्रातल्या माळव्याच्या उन्हात दही रात्रभर बाहेर टांगलं तर आंबतं, फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा आणि चाळणी फ्रीजमध्ये. मात्र पाहुण्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी: श्रीखंड शेवटी खायचं नसतं. बंगाली माणूस कडूपासून सुरुवात करून गोडाशी थांबतो, इंग्रज पुडिंगची वाट पाहतो. तमिळ पानावर पायसमचा थेंब आधी पडतो, पण गोडाचा खरा मान पुढे. आपल्याकडे गोड हेच मुख्य अन्न, पुरीबरोबर, पहिल्या घासापासून. सांगितलं नाही तर सगळे श्रीखंड राखून ठेवतात आणि पोट भरल्यावर कोमट झालेल्या वाटीकडे अपराधी चेहऱ्यानं बघतात.

पुरणपोळीला हात सराईत हवा. एक वाटी हरभऱ्याची डाळ, एक वाटी गूळ, आठ ते दहा मध्यम पोळ्या. डाळीच्या वरच्या पाण्याची कटाची आमटी, म्हणजे काही वाया जात नाही. एक स्थानिक खबरदारी. माळव्याचा जो कडक, काचेसारखा गहू बाफल्यांसाठी नावाजलेला आहे, तो पुरणपोळीला घेऊ नका. त्याच्या पिठाला ताण सोसत नाही, पोळी लाटताना फाटते. इथं बाजारात सहज मिळणारा लोकवन बरा, आणि कणीक सैल मळून, भरपूर तेल लावून तासभर झाकून ठेवायची. बाफलेही करायचे असतील तर वेगळ्या दिवशी. आधी हळदीच्या पाण्यात उकळून मग भाजलेले आणि तुपात बुडवलेले बाफले आणि त्याच पंगतीत पुरणपोळी, असा दुहेरी थाट माळव्यातल्या मराठी घरांतून होतो खरा, पण नंतर कोणाच्यानं उठवत नाही.

वाटी-चमच्याच्या या मापांचं श्रेय घरातल्या आजीइतकंच कमलाबाई ओगले यांना द्यायला हवं. १९७० साली आलेल्या त्यांच्या ‘रुचिरा’नं ‘अंदाजानं’ हा शब्द स्वयंपाकघरातून जवळजवळ हद्दपार केला, आणि घरापासून दूर संसार मांडणाऱ्या हजारो मुलींना त्याचा आधार झाला. अंदाज ज्याच्याजवळ बसून शिकायचा ते माणूसच दूर असतं, तिथं लिहिलेलं मापच कामाला येतं.

तुकोजीरावांच्या पंगतीत कोणाला काय चालतं यासाठी वेगळे वाढपी होते. त्यामागचा जातीचा हिशेब आज नको, पण वेगळ्या पळीची सोय हवीच. देवास आणि धार दोन्हीकडे जैन मंडळी पुष्कळ, त्यांना कांदा-लसूण आणि कंदमुळं नकोत. कोणाला शेंगदाणा सोसत नाही, आणि मराठी स्वयंपाकात दाण्याचं कूट कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत कुठंही लपलेलं असतं. हे वाढायला लागण्याच्या आधी, शक्य तर आमंत्रण देतानाच विचारावं. कूट वेगळ्या वाटीत ठेवून वरून घालणं काही अवघड नाही.

राहता राहिला आग्रह. मराठी यजमान ‘नको’ हा शब्द तीनदा ऐकल्याशिवाय खरा मानत नाही आणि परगावचा पाहुणा पहिल्याच ‘नको’नंतर आपलं ऐकलं गेलं असं समजतो. मग त्याच्या पानात तिसरी पोळी पडते आणि टाकणं बरं दिसत नाही म्हणून तो ती संपवतो, की लगेच चौथी येते. बसतानाच दोन गोष्टी सांगून टाकाव्यात. पुरे असेल तर पानावर आडवा हात धरायचा, त्या हाताखाली कोणी वाढत नाही. आणि डावी बाजू शेवटी थोडी उरली तर कोणी वाईट मानत नाही. फराळ राहिला तर डब्यात भरून द्यावा, स्टीलच्या डब्यात, म्हणजे तो परत करायला तरी माणूस येतो.